गर्भनिरोधक गोळी, वर्ष होत आल्यावर: मूडबद्दल कोणीच विचारलं नाही

गेल्या आठवड्यात दादरला केमिस्टशी कडाक्याचं भांडण झालं, म्हणून हे लिहायला बसले. माझ्या चिठ्ठीवर ड्रॉस्पिरेनोनवाली गोळी होती, त्याने लेव्होनॉरजेस्ट्रेलवाली पुढे केली (दोन्ही गोळीतल्या कृत्रिम हार्मोनची नावं). "ताई, सेमच आहे, फक्त कंपनी वेगळी." सेम अजिबात नाही! घटकांची नावं चकचकीत चंदेरी पट्टीवर इतक्या बारीक अक्षरात की मोबाईलचा टॉर्च मारून वाचावी लागली. वाचलं आणि पाकीट तिथल्या तिथे परत केलं.

इतकी चिडले कारण लेव्होनॉरजेस्ट्रेल मी आधी घेऊन पाहिलंय. १५० मायक्रोग्रॅम ते आणि ३० मायक्रोग्रॅम इथिनाइल इस्ट्रॅडिऑल, म्हणजे कृत्रिम इस्ट्रोजेन. पाळी वेळेवर, पोटदुखी निम्म्यावर, खूश होते. दुसऱ्या पाकिटापासून मात्र मन सपाट झालं. रडू येत होतं असं नाही, काहीच येत नव्हतं. भाची पहिल्यांदा चालली तो व्हिडिओ पाहिला, "छान" लिहिलं आणि फोन उलटा ठेवला. लोकलमध्ये कोणाची पर्स खांद्याला लागली तरी तिडीक जायची. शेवटी आईच फोनवर म्हणाली, "अगं, बरं नाहीये का तुला? आवाज कसा लागतोय!"

गोळी देताना डॉक्टरांनी बीपी, मायग्रेन, सिगारेट, घरात कोणाला रक्ताच्या गुठळ्या, सगळं विचारलं होतं. आधी कधी डिप्रेशन आलं होतं का, हे नाही. याचा राग अजून गेलेला नाही. एक प्रश्न विचारायला किती वेळ लागतो?

तेव्हा मी भेटेल तिला सांगायचे, गोळी नकोच. वाचत गेले तसं मत बदललं. गोळीने बीजांडाचं सुटणं थांबतं, त्यामुळे शरीराचं स्वतःचं प्रोजेस्टेरॉन फारसं तयार होत नाही. त्यापासून बनणारं अ‍ॅलोप्रेग्ननोलोन मेंदूतल्या गाबा रिसेप्टरवर काम करून मन शांत ठेवतं, तेही घटतं. गोळीतलं कृत्रिम हार्मोन ती जागा भरत नाही. पण म्हणून प्रत्येकीला त्रास होतोच असं नाही. डेन्मार्कमध्ये दहा लाखांहून जास्त मुली-बायकांच्या नोंदी तपासल्या (२०१६). एकत्रित (माझ्यासारखी दोन हार्मोनवाली) गोळी घेणाऱ्यांत डिप्रेशनचं औषध पहिल्यांदा सुरू होण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी जास्त दिसलं, किशोरवयीन मुलींत ८० टक्क्यांनी. नुसत्या नोंदींवरून कारण गोळीच असं सिद्ध होत नाही. स्वीडनमध्ये ३४० जणींचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले, काहींना माझीच लेव्होनॉरजेस्ट्रेलवाली गोळी दिली, काहींना बिनऔषधी. तीन महिन्यांनी (२०१७ चा निकाल) गोळीवाल्यांना एकूण बरं वाटणं कमी झालं होतं, डिप्रेशनमध्ये मात्र ठळक फरक नव्हता. हे वाचून मला हायसं वाटलं. आजारी नव्हते, पण बरीही नव्हते, आणि ते मनाचे खेळ नव्हते.

दुसऱ्या डॉक्टरांनी ड्रॉस्पिरेनोन दिलं. पाळीआधीच्या तीव्र मानसिक त्रासासाठी अमेरिकेत या प्रकारच्या गोळीला २००६ मध्ये मान्यता मिळाली आहे. मला दुसऱ्या पाकिटात फरक कळला. घरचे म्हणाले, पुन्हा भांडायला लागलीस, छान! किंमत मात्र जिवावर येते. लेव्होनॉरजेस्ट्रेलचं तेच मिश्रण माला-एन या गोळीत सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, आणि माझ्या मैत्रिणीला तेच मस्त मानवलंय. तिने माझं ऐकून महागडं घ्यायची काही गरज नाही.

मूड बिघडतोय असं वाटलं तर तारखेसह लिहून ठेवा आणि वही डॉक्टरांपुढे ठेवा, "टेन्शन असेल" यावर उठून येऊ नका. दुसरी सोय केल्याशिवाय गोळी मध्येच सोडू नका. हार्मोनच नको असेल तर तांबी आहे. लखनौच्या सीडीआरआय या औषध संशोधन संस्थेत शोधलेली, स्टेरॉइड नसलेली 'छाया' गोळी आहे, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. आणि जीव नकोसा वाटण्यापर्यंत गेलं तर वहीबिही सोडा, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रीही चालू असतो, मराठीत बोलता येतं.