फेशियल की बोटॉक्स? प्रश्न मूडचा असेल तर

सांगलीत विश्रामबागेतल्या पार्लरमध्ये फेशियल करायचं, की मिरजेला त्वचेच्या डॉक्टरांकडे जाऊन बोटॉक्सचं इंजेक्शन घ्यायचं? आपण आधी खर्च विचारतो, मग किती टिकेल ते. ‘केल्यावर बरं वाटेल का’ हे सगळ्यात शेवटी, तेही हळूच. इथे तेच आधी घेऊ.

फेशियलने बरं वाटतं. त्यात क्रीमचा वाटा थोडाच. तासभर डोळे मिटून पडायला मिळतं, कपाळावरून कुणाचा तरी हात फिरतो, फोन पर्समध्ये असतो. मनासाठीच जाणार असाल तर गोल्डचं महागडं किट कशाला? साधं घ्या, मसाज नीट करणारी बघा. फक्त कार्याच्या आदल्या दिवशी नवं काही लावू नका. पुरळ उठलं की मूडही गेला.

बोटॉक्सचं काम वेगळं. ते टोचलं की भुवयांमध्ये आठ्या पाडणाऱ्या स्नायूंना नसांचा निरोप पोचत नाही, म्हणून आठी पडत नाही. पूर्ण परिणाम साधारण दोन आठवड्यांत दिसतो आणि तीन-चार महिन्यांत उतरतो. चेहऱ्यावर उमटू दिलेली भावना मनातही तीव्र होते, असं डार्विनने १८७२ मध्येच लिहिलं होतं. मग आठीच पडली नाही तर? २०१२ च्या एका अभ्यासात नैराश्याच्या ३० रुग्णांपैकी निम्म्यांना भुवयांमध्ये हे इंजेक्शन दिलं, बाकीच्यांना नुसतं सलाइन. पहिल्या गटाला जास्त आराम पडला. पण मेख अशी की कपाळ हलेना झालं की खरं औषध कुणाला मिळालं ते आरशातच कळतं, आणि आशेनेही माणूस सुधारतो. अमेरिकेत आठ्यांसाठी याला २००२ मध्ये मान्यता मिळाली, नैराश्यासाठी नाही.

जागाही महत्त्वाची. मनापासून हसताना डोळ्यांच्या कडा आकसतात. तिथल्या सुरकुत्या घालवायला मी दहादा विचार करेन.

‘चिडलीस का गं?’ हे रोज ऐकून वैताग आला असेल, तर भुवयांमधलं बोटॉक्स पटण्यासारखं आहे. ते डॉक्टरांकडूनच घ्या, पार्लरमध्ये नको; गरोदरपणात किंवा बाळ अंगावर पीत असेल तर टाळा. नुसता थकवा असेल तर फेशियल पुरे. आणि दोन-दोन आठवडे झोप नाही, कशातच मन लागत नाही, असं असेल तर दोन्ही राहू द्या. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, किंवा १४४१६ या सरकारी टेली-मानस क्रमांकावर फोन करा. पैसे पडत नाहीत.