'वियर्ड टेल्स'चे जुने अंक : निवडक कथांपेक्षा अख्खा अंक वाचावा

अद्भुतकथेला आणि तिच्या चित्रांना वाहिलेल्या इंग्रजी मासिकांत 'वियर्ड टेल्स'चे नाव आजही पहिल्याने निघते, मात्र हे मासिक मासिक म्हणून वाचणारे फार थोडे आहेत. बहुतेकांची त्याच्याशी ओळख होते ती त्यातल्या तीन-चार लेखकांच्या संग्रहांतून. हे संग्रह देखणे असतात, त्यांना प्रस्तावना आणि टिपा असतात, आणि कथा निवडून घेतलेल्या असल्यामुळे त्यांत टाकाऊ काही नसते. मार्च १९२३मध्ये शिकागोहून निघालेल्या आणि सप्टेंबर १९५४मध्ये बंद पडलेल्या या मासिकाचे एकूण २७९ अंक झाले, आणि त्यांतल्या पुष्कळ अंकांच्या स्कॅन केलेल्या प्रती इंटरनेट आर्काइव्हवर विनामूल्य वाचायला मिळतात. हे परीक्षण त्या अंकांचे आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो : संग्रह जवळ असले तरी अख्खा अंक पहिल्या जाहिरातीपासून शेवटच्या पत्रापर्यंत वाचावा, कारण त्यातला टाकाऊ भागही या वाचनाच्या आनंदाचा हिस्सा आहे.

या अंकाचा आकार साधारण सात इंच बाय दहा इंच, कागद लाकडाच्या लगद्याचा, स्वस्त आणि खरखरीत, आणि किंमत बराच काळ पंचवीस सेंट. असला कागद काही वर्षांतच पिवळा पडून कडांना तुटू लागतो, त्यामुळे मूळ प्रती आज जपून हाताळाव्या लागतात आणि महागही मिळतात. पहिले संपादक एडविन बेअर्ड यांचा काळ गोंधळाचा होता. मासिक कर्जात बुडाले, आणि १९२४च्या मे-जून-जुलै अशा जोडअंकासाठी जादूगार हॅरी हुडिनी यांच्या नावाची कथा छापून खप वाढवण्याचा प्रयत्न झाला. ती कथा प्रत्यक्षात लिहिली होती भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्ट यांनी. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून फार्न्सवर्थ राइट संपादक झाले आणि १९४०पर्यंत राहिले. आपण आज या मासिकाचे म्हणून जे काही ओळखतो, ते बहुतांशी या एका माणसाच्या आवडीनिवडीतून घडलेले आहे. कंपवाताने हात इतका जायबंदी झालेला की सहीसुद्धा अवघड जावी, अशा अवस्थेत त्यांनी वर्षानुवर्षे हस्तलिखिते वाचली. चांगली कथा 'साभार परत' पाठवून पुढे तीच आनंदाने छापण्याचा त्यांचा लौकिक होता. लव्हक्राफ्ट यांची आज गाजलेली कथा 'द कॉल ऑफ कथुलू' त्यांनी आधी नाकारली आणि मग फेब्रुवारी १९२८च्या अंकात घेतली. त्या अंकाच्या मुखपृष्ठावर तिच्यासाठी जागा नव्हती.

मुखपृष्ठाचा हा मुद्दा नीट समजून घ्यायचा तर डिसेंबर १९३२चा अंक उघडावा. रॉबर्ट ई. हॉवर्ड यांचा कोनान हा नायक छापील पानावर पहिल्यांदा अवतरला तो या अंकात. पुढे या नायकावर चित्रकथा निघाल्या, चित्रपट निघाले, आणि तलवारबहाद्दरांच्या अद्भुतकथांचे एक अख्खे घराणेच त्याच्यामागे उभे राहिले. असे असताना मुखपृष्ठ मात्र शुक्र ग्रहावरच्या चाच्यांच्या एका क्रमशः कादंबरीला दिलेले आहे, आणि ते रंगवले आहे जे. ॲलन सेंट जॉन यांनी. चित्र झकास आहे, याविषयी वाद नाही. ती कादंबरी मात्र आज कोणाच्या स्मरणात नाही. कोनानची ही पहिली कथासुद्धा हॉवर्ड यांनी दुसऱ्याच नायकावर लिहिलेल्या आणि अन्यत्र न खपलेल्या कथेला नवे रूप देऊन उभी केली होती. संग्रहात हीच कथा आरंभी सन्मानाने बसलेली असते, आणि आपण काहीतरी ऐतिहासिक वाचत आहोत याची जाणीव संपादक आपल्याला पहिल्याच पानावर करून देतो. अंकात ती इतर कथांच्या रांगेत उभी असते. तिच्या आधीची कथा वाचून थोडे कंटाळलेले आपण तिच्यापाशी येतो, आणि दोन परिच्छेदांत सावरून बसतो. कथा चांगली आहे हे कोणी न सांगता आपल्यालाच कळावे, हा अनुभव अभिजात ठरलेल्या साहित्याच्या बाबतीत सहसा मिळत नाही.

असे आणखी धक्के आहेत. ऑगस्ट १९२८च्या अंकात इजिप्तच्या एका राणीने घेतलेल्या सुडाची भडक, विशेषणांनी लडबडलेली एक कथा आहे, आणि तिच्या सतरा वर्षांच्या लेखकाचे नाव थॉमस लॅनियर विल्यम्स असे आहे. अमेरिकी रंगभूमी पुढे त्याला टेनेसी विल्यम्स या नावाने ओळखू लागली.

चित्रांविषयी अधिक सविस्तर लिहायला हवे, कारण मासिकातला जो भाग संग्रहात जवळजवळ कधीच येत नाही तो हाच. १९३२पासून पुढे काही वर्षे मार्गारेट ब्रंडेज यांनी या मासिकाची मुखपृष्ठे केली, आणि त्यांची एकूण संख्या साठाच्या वर जाते. त्या शिकागोच्या, कपड्यांच्या फॅशनची रेखाचित्रे काढण्याच्या व्यवसायातून आलेल्या. माध्यम तैलरंगाचे नव्हते, तर खडूच्या रंगांचे, म्हणजे पेस्टलचे होते. त्यामुळे त्यांच्या चित्रांत एक मऊ, किंचित धुरकट झळाळी असते, आणि त्या काळच्या इतर स्वस्त मासिकांच्या ठसठशीत मुखपृष्ठांशेजारी ती लगेच वेगळी दिसते. ऑक्टोबर १९३३चे वटवाघळाचा मुखवटा घातलेल्या स्त्रीचे चित्र तर आज मासिकापेक्षाही प्रसिद्ध आहे. सही 'एम. ब्रंडेज' अशी असल्यामुळे चित्रकार स्त्री आहे हे वाचकांना पुष्कळ काळ ठाऊक नव्हते. जवळजवळ प्रत्येक चित्रात अर्धवस्त्र किंवा विवस्त्र स्त्री असे, आणि त्यावरून वाचकांच्या पत्रांत जोरदार भांडणे होत. मासिक घरात आणण्यापूर्वी मुखपृष्ठ फाडून टाकावे लागते, अशा धाटणीची तक्रार करणारे एका बाजूला आणि त्या चित्रांसाठीच मासिक घेणारे दुसऱ्या बाजूला.

माझे स्वतःचे मत या दोन्ही पक्षांशी पूर्णपणे जुळत नाही, आणि त्याचे कारण ऑक्टोबर १९३४चा अंक आहे. त्यात सी. एल. मूर यांची 'ब्लॅक गॉड्स किस' ही कथा आली. मूर म्हणजे कॅथरीन मूर. इंडियानापोलिसमधल्या एका बँकेत त्या नोकरी करत आणि आद्याक्षरांनी लिहीत. कथेची नायिका जिरेल ही एका जहागिरीची स्वामिनी आहे, चिलखत चढवून लढणारी, रागीट, अपमान न विसरणारी. या जातीच्या कथांमध्ये स्त्रीला तलवार देणारी ही सुरुवातीच्या कथांपैकी एक. त्या अंकाचे मुखपृष्ठ याच कथेचे आणि ब्रंडेज यांचेच आहे, आणि त्यात चिलखत नाही. काळ्या मूर्तीला बिलगलेली एक नाजूक, अर्धवस्त्र स्त्री आहे. आद्याक्षरांआड राहिलेली एक लेखिका आणि आद्याक्षराआड राहिलेली एक चित्रकर्ती एकाच अंकात भेटतात, आणि बाजाराच्या मागणीपुढे नायिकेचे चिलखत उतरवले जाते. कथा आणि चित्र समोरासमोर ठेवून पाहिल्याशिवाय ही विसंगती दिसतच नाही. चित्र म्हणून ते उत्तम आहे, रंगसंगती आणि रचना दोन्ही बाबतींत, हे मात्र मान्य करावे लागते.

आतल्या पानांचा राजा व्हर्जिल फिनले. त्यांची रेखाटने १९३५च्या अखेरीपासून येऊ लागली. त्यांची पद्धत विलक्षण कष्टाची होती. पेनाच्या टोकाने एकेक ठिपका ठेवत आणि बारीक रेषांची जाळी विणत ते छायाप्रकाश उभा करत. अशी नाजूक कामगिरी लगद्याच्या कागदावर उमटेल की नाही याची शंका राइट यांना होती, म्हणून त्यांनी आधी चाचणी घेऊन पाहिली, असे सांगतात. ती उमटली. फिनले यांची चित्रे कथेतला प्रसंग दाखवण्यापुरती थांबत नाहीत. कित्येकदा कथा विसरून जाते आणि त्यांनी काढलेला बुडबुड्यांच्या आणि ताऱ्यांच्या पडद्याआडचा चेहरा लक्षात राहतो. जाता जाता एक नोंद : राइट यांनी १९३५मध्ये याच चित्रकाराच्या चित्रांसह शेक्सपिअरच्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'ची आवृत्ती या मासिकांच्याच आकारात, स्वस्तात छापली होती. पुढची नाटकेही काढण्याचा बेत होता. आवृत्ती खपली नाही आणि बेत तिथेच संपला. मला मात्र संपादक म्हणून राइट यांचे मोठेपण त्यांच्या कुठल्याही गाजलेल्या अंकापेक्षा या फसलेल्या उद्योगात अधिक दिसते.

वाचकांच्या पत्रांचे सदर, 'द आयरी', टाळू नये. महिन्याची सर्वांत आवडती कथा वाचक पत्रांतून कळवत आणि संपादक तिचे नाव जाहीर करत. आज ज्यांची नावे मोठी आहेत त्यांच्यापेक्षा सीबरी क्विन नावाचे लेखक त्या काळी अधिक लोकप्रिय होते, हे या पानांवरून स्वच्छ दिसते. जूल द ग्रांदँ या फ्रेंच गुप्तहेराच्या त्यांनी नव्वदाहून अधिक कथा लिहिल्या. त्यांतल्या चार मजेत वाचल्या जातात, पाचवीपासून ठोकळा दिसू लागतो. जाहिरातींची पाने तर स्वतंत्र करमणूक आहेत : घरबसल्या गुप्तहेर व्हा, पोस्टाने विद्या शिका, प्राचीन गूढ ज्ञानाचे विनामूल्य पुस्तक मागवा. भुताच्या कथेच्या शेपटाला हर्नियाच्या पट्ट्याची जाहिरात आली की ही मासिके कोणत्या वाचकांच्या हातात जात होती, हे समाजशास्त्राच्या पुस्तकाशिवाय समजते.

आता दोषांकडे. भारतीय वाचकाला या अंकांमध्ये वारंवार ठेच लागते. पूर्वेकडचा माणूस म्हणजे कपटी पुजारी, मांत्रिक किंवा मुका नोकर, आणि हिंदुस्थान म्हणजे काली, ठग आणि नागांचे मंदिर, एवढेच भांडवल कित्येक लेखकांजवळ आहे. याच प्रकाशकांनी १९३०मध्ये 'ओरिएंटल स्टोरीज' नावाचे भावंड-मासिक काढले, त्यात हा माल घाऊक मिळतो. लव्हक्राफ्ट यांच्या कथांमधला वंशद्वेष तर उघडच आहे, आणि तो काळाच्या माथी मारून सुटता येत नाही, कारण त्याच अंकांत त्यांच्याहून उदार मनाचे लेखकही लिहीत होते. गद्याची पातळीही समान नाही. एखाद्या सर्वसाधारण अंकात एक कथा उत्तम, दोन ठीक, आणि उरलेल्या पानपूरक, असे प्रमाण मी धरून चालतो.

मराठी वाचकाला हे प्रमाण अपरिचित वाटू नये. दिवाळी अंक पुरवून पुरवून वाचण्याची सवय असलेल्या माणसाला विषम अंकातून आपली कथा शोधण्याची कला आधीच अवगत असते. अनंत अंतरकरांनी 'हंस' आणि 'मोहिनी'च्या जोडीने 'नवल' काढले, ते अद्भुताची आवड असलेल्या वाचकासाठीच. मुखपृष्ठ पाहून अंक उचलायचा ही सवय आपल्याकडे दीनानाथ दलालांसारख्या चित्रकारांनी लावली. मात्र एक फरक ठळक आहे. आपल्या अंकांची सजावट लेखनाच्या मानाने दुय्यम धरली गेली आणि कथेसोबतचे रेखाटन करणाऱ्याचे नाव क्वचितच चर्चेत आले. 'वियर्ड टेल्स'चे वाचक मात्र फिनले यांच्या चित्रांवर लेखकाइतक्याच तावातावाने पत्रे लिहीत.

वाचायला सुरुवात कोठून करावी? १९२३-२४चे अंक अभ्यासकांसाठी ठेवावेत. १९३२ ते १९३६ हा सर्वांत भरघोस काळ आहे, आणि पहिला अंक म्हणून मी ऑक्टोबर १९३४चा सुचवेन, मूर आणि ब्रंडेज यांच्यासाठी. १९३८मध्ये मासिक विकले जाऊन न्यूयॉर्कला गेले, पुढल्या वर्षी किंमत पंधरा सेंटवर आली, आणि १९४०मध्ये राइट पायउतार झाल्यावर डोरोथी मॅकइल्रेथ यांनी शेवटपर्यंत संपादन केले. त्यांच्या काळाला कमी लेखण्याची पद्धत आहे, ती मला पटत नाही. तरुण रे ब्रॅडबरी यांच्या सुरुवातीच्या कित्येक कथा त्यांनीच छापल्या, आणि हॅनेस बोक यांची चमत्कारिक, लाकडात कोरल्यासारखी दिसणारी चित्रे याच वर्षांत भेटतात. १९५३मध्ये आकार लहान झाला आणि तेव्हापासूनच्या अंकांत रया उरलेली नाही. पुढे वेगवेगळ्या प्रकाशकांनी हे नाव अनेकदा पुन्हा उभे केले, परंतु त्या अंकांचा विचार वेगळा करावा लागेल.

स्कॅनच्या दर्जाविषयी शेवटी एवढेच सांगतो की तो अंकागणिक बदलतो. काही प्रती स्वच्छ आहेत, काहींची पाने कापलेली, तिरकी किंवा गहाळ आहेत, आणि यंत्राने काढलेली मजकुराची प्रत इतकी अशुद्ध असते की तिच्यावर विसंबू नये. पानाची प्रतिमाच वाचावी, तीही मोबाइलवर नव्हे तर टॅब्लेटवर किंवा संगणकावर, कारण दोन स्तंभांतला बारीक टाइप आणि फिनले यांचे ठिपके दोन्ही लहान पडद्यावर नुसते करडे दिसतात. एकाच अंकाच्या दोन प्रती उपलब्ध असतील तर फाइलचा आकार पाहून मोठी घ्यावी.