पाठीवर पुयोल ५: नाशिकच्या एम. जी. रोडच्या बोळातलं जर्सी प्रिंटिंगचं दुकान

आधीच सांगतो, मेस्सी १० नाहीतर रोनाल्डो ७ हवं असेल तर हा रिव्ह्यू वाचत बसू नका, ते कॉलेज रोडला कुठेही मिळेल, ऑनलाइन तर दोन दिवसात घरपोच येईल. हा रिव्ह्यू त्या लोकांसाठी आहे ज्यांना पाठीवर बार्सिलोनाच्या जुन्या कॅप्टन पुयोलसारख्या डिफेंडरचं नाव पाहिजे आणि दुकानदाराने "कोण हा?" असं तोंड केलं की ज्यांचं डोकं फिरतं.

दुकान एम. जी. रोडच्या मागच्या बोळात, पहिल्या मजल्यावर. जिना अंधारा आहे, खाली झेरॉक्सवाला आहे त्याला विचारा तो सांगतो. गाडी लावायला जागा अजिबात नाही, शालिमारला कुठेतरी लावा आणि चालत या, बोळात लावली तर परत आल्यावर गाडी जागेवर असेल याची गॅरंटी मी देत नाही. नाव टाकत नाही कारण मालक काकांनीच सांगितलं, "नाव नको टाकू भो, आधीच गणपती मंडळांच्या टी-शर्टांनी जीव घेतलाय." तर तसं.

मला पाहिजे होती बार्सिलोनाची (म्हणजे बार्साची) २००८-०९ ची होम जर्सी, ती अर्धी निळी अर्धी लाल असलेली, पुढे पिवळ्या अक्षरात युनिसेफ, मागे पुयोल ५. काउंटरवर एक पोरगा होता तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "स्पेलिंग लिहून द्या." आतून हीट प्रेसच्या (नाव-नंबर चिकटवायच्या गरम मशीनच्या) मागून काकांचा आवाज आला, "कोणत्या सालचा पुयोल?" बस, तिथेच कळलं की योग्य ठिकाणी आलोय. बाकीचे लोक साइज विचारतात, हा माणूस साल विचारतो. कारण साल बदललं की नावाचा आणि नंबरचा फॉन्ट बदलतो, आणि चुकीचा फॉन्ट टाकलेली जर्सी ज्याला कळतं त्याच्या डोळ्यात खुपते म्हणजे खुपतेच. मी म्हटलं २००९. काका बाहेर येऊन म्हणाले, "सहा-दोनवाली ना?"

आता जे तेव्हा बघत नव्हते त्यांच्यासाठी, २ मे २००९, बर्नाबेऊ, रिअल माद्रिदच्या घरात जाऊन बार्सिलोनाने ६-२ मारले होते. सगळ्यांना हेन्रीचे दोन आणि मेस्सीचे दोन आठवतात. पण माद्रिदने पहिला गोल मारला होता, हिग्वाइनने, मग हेन्रीने बरोबरी केली आणि दोनच मिनिटांत झावीच्या फ्रीकिकवर पुयोलने हेडर घातला, बार्सा पुढे, आणि तो हातावरची कॅप्टनची पट्टी, ती पिवळ्या-लाल पट्ट्यांची, काढून तिचे मुके घेत पळत सुटला. माद्रिदच्या पब्लिकसमोर. काका म्हणाले मॅच तिथेच संपली होती, बाकीचे चार गोल हिशोबाचे. थोडं जास्त होतं हे, मेस्सी त्या दिवशी वेगळ्याच पोझिशनला खेळला आणि माद्रिदचे स्टॉपर (मधले डिफेंडर) शेवटपर्यंत गोंधळलेले होते, खरी मॅच तिथे फिरली असं माझं मत. पण काका स्वतः कॉलेजात स्टॉपर खेळलेले, त्यांच्याशी या विषयावर वाद घालायचा नाही.

बाकावर अजून दोघं बसलेले. एक एकोणीस-वीस वर्षांचा, गंगापूर रोडच्या टर्फवर खेळतो, टीमच्या जर्सी न्यायला आलेला. दुसरे देवळाली कॅम्पचे रिटायर्ड फौजी, नातवाच्या शाळेच्या टीमचा किट घ्यायला. पोराने पुयोलला कधी लाइव्ह बघितलेलाच नाही, गेममधल्या आयकॉन कार्डवरून ओळखतो. तो म्हणाला, "पण काका, यूट्यूबवर त्याचं काही स्किलच दिसत नाही ना."

मग काय, काकांनी प्रेस बंद केली.

हा मुद्दा खरं तर बरोबर आहे पोराचा. डिफेंडरचं चांगलं काम म्हणजे जे घडलंच नाही ते, आणि जे घडलं नाही त्याचा व्हिडिओ कोण बनवणार. म्हणून पुयोलचं जे काही आहे ते बघणाऱ्यांच्या तोंडी आहे आणि एकाला आठवतं ते दुसऱ्याला आठवत नाही. काकांनी २००२ चं काढलं, लोकोमोटिव्ह मॉस्कोविरुद्ध, गोलकीपर मागे पडलेला, समोरचा मोकळ्या गोलमध्ये मारतोय आणि पुयोल येऊन छातीवर घेतो, बरोबर क्लबच्या बिल्ल्यावर. मग फिगोचं. फिगो बार्सा सोडून माद्रिदला गेला आणि २००० च्या ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा बार्साच्या कॅम्प नाऊ स्टेडियमवर परत आला, अख्खं स्टेडियम शिव्या घालतंय, आणि त्याच्या अंगावर सोडला होता बावीस वर्षांच्या पुयोलला. जाईल तिथे मागे. फिगोला काही करता आलं नाही, बार्सा २-० जिंकली. काका म्हणे, "मार्किंग म्हणजे काय ते मी त्या मॅचवरून पोरांना शिकवायचो." (पोरांना कुठे शिकवायचे ते विचारायचं राहिलं.)

माझं आठवण्याचं ठिकाण वेगळं आहे. २०१० वर्ल्डकप सेमीफायनल, डर्बन, स्पेन-जर्मनी. आपल्याकडे बुधवारी रात्री बाराला सुरू झालेली, जुलैचा पाऊस, लाइट जाईल का ही धाकधूक वेगळी. जर्मनी त्या वर्ल्डकपला ऑस्ट्रेलियाला चार, इंग्लंडला चार, अर्जेंटिनाला चार असं करत आलेली, सगळे म्हणत होते स्पेनचं काही खरं नाही, एक तो मॅचचे निकाल आधीच सांगणारा ऑक्टोपस सोडला तर. ७३व्या मिनिटाला झावीचा कॉर्नर आणि पुयोल बॉक्सच्या बाहेरून धावत आला, स्वतःच्याच टीममधल्या पिकेच्या अंगावरून गेल्यासारखा, आणि असा काही डोक्याने हाणला की त्यांचा गोलकीपर नॉयरला हलायला वेळ नाही. १-०. स्पेन फायनलला पहिल्यांदा. लक्षात घ्या हा माणूस १७८ सेंटीमीटर, म्हणजे पाच फूट दहा, स्टॉपरच्या हिशोबाने बुटकाच, आणि समोर जर्मनीचे सगळे ताडमाड. उंची नाही तर धाव लांबून घ्यायची, एवढं साधं गणित होतं त्याचं. स्पेनसाठी १०० मॅच खेळला आणि गोल फक्त तीन, त्यातला एक हा.

फौजी काका इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "आमच्यावेळी जरनैलसिंग." मग पाच मिनिटं तेच बोलले आणि कोणी मध्ये बोललं नाही. १९६२ चे एशियन गेम्स, जकार्ता. जरनैलसिंग आपला स्टॉपर, डोकं फुटलं, टाके पडले, आणि तरी कोच रहीमसाहेबांनी त्याला पुढे फॉरवर्डला खेळवला. सेमीत गोल, फायनलला दक्षिण कोरियाविरुद्ध परत गोल, एक त्याचा एक पी. के. बॅनर्जींचा, २-१, गोल्ड. त्यानंतर आजपर्यंत फुटबॉलचं एशियाड गोल्ड आपल्याला नाही. त्यांनी स्वतः ते बघितलेलं नाही हे त्यांनीच सांगितलं, युनिटमधल्या सिनियर लोकांकडून ऐकलेलं. पोरगा लगेच मोबाइलवर शोधायला लागला आणि म्हणाला याची जर्सी कुठे मिळेल. दुकानाचे काका म्हणाले कापड आण, बनवून देतो. हे मला फार आवडलं.

पुयोलचं अजून एक सांगतो मग जर्सीवर येतो. २०११, वेम्बली, चॅम्पियन्स लीग फायनल, मँचेस्टर युनायटेडला ३-१ हरवलं. बार्साचा डिफेंडर आबिदालची मार्चमध्येच लिव्हरच्या ट्यूमरची सर्जरी झालेली आणि दोन-अडीच महिन्यात तो फायनल पूर्ण खेळला. कप उचलायची वेळ आली तर पुयोलने पट्टी काढून आबिदालच्या हाताला बांधली, तू उचल. कॅप्टन माणूस युरोपचा कप दुसऱ्याला देतो. आपल्याकडे गल्लीतल्या टेनिस बॉल स्पर्धेत सुद्धा ट्रॉफी घ्यायला मंडळाचा अध्यक्ष, उपाध्यक्ष, नगरसेवक सगळे पुढे असतात आणि मॅन ऑफ द मॅच मागे कुठेतरी. आणि दुसरीकडे हाच पुयोल, २०१२ ला रायो वायेकानोला सात गोल मारले त्या मॅचमध्ये बार्साचेच थियागो आणि अल्वेस गोलनंतर नाचायला लागले तर जाऊन दोघांना ढकलून गप्प केलं. समोरचा हरतोय, नाचता काय. टर्फवाल्या पोराला हे पटलं नाही, तो म्हणाला सेलिब्रेशन नको तर मग मजा काय. यावर वाद झाला, मी पोराच्या बाजूने थोडा आहे खरं सांगायचं तर, पण दुकानात बोललो नाही.

बरं, जर्सी. कापड पॉलिस्टर, फर्स्ट कॉपी (म्हणजे चांगली नक्कल), ओरिजिनल आहे असं काका एकदाही म्हणाले नाहीत आणि हे महत्त्वाचं, बरेच दुकानदार छातीठोक सांगतात. शिलाई खांद्याला डबल आहे, कॉलर जरा घट्ट. बिल्ला शिवलेला आहे, चिकटवलेला नाही. जर्सीचे ६५० आणि प्रिंटिंगचे १५०. प्रिंटिंगला दोन ऑप्शन देतात, डीटीएफ (फिल्मवर छापून कापडावर उतरवतात) आणि विनाइल (शीटमधून अक्षरं कापून चिकटवतात). घाईत असाल तर डीटीएफ, पण मी विनाइल घेतलं कारण डीटीएफचे नंबर माझ्या आधीच्या जर्सीवर (दुसरीकडून घेतलेली) कोपऱ्यातून उचकटले होते. नाव सरळ बसलंय, अक्षरांमधलं अंतर सारखं, नंबर खांद्यापासून योग्य खाली. हे लिहायला साधं वाटतं पण अर्ध्या शहराच्या पाठीवर नंबर कमरेत गेलेले असतात. बऱ्याच धुण्यानंतरही काही निघालेलं नाही. उलटी करून धुवा, नंबरवर इस्त्री फिरवू नका, मशीनमध्ये जीन्सबरोबर टाकू नका, आईला आधीच सांगून ठेवा.

तक्रारी आहेत. पहिली म्हणजे वेळ. "अर्ध्या तासात देतो" याचा अर्थ दीड तास, आणि त्यातला एक तास गप्पांचा, मला चाललं पण मुंबई नाक्यावरून बस पकडायची असेल त्याला चालणार नाही. दुसरी, पोरगा एकटा असेल तेव्हा ऑर्डर देऊ नका, तो लिहून दिलेलं पण बघून टाइप करत नाही, स्क्रीनवर स्पेलिंग स्वतः तपासा मगच कटिंगला सोडू द्या. यूपीआय चालतं पण रेंज नसते आत, जिन्यात यावं लागतं पेमेंटला. एक्सएलचे साइज जुन्या जर्सीत जवळपास नाहीतच, माझ्यासारख्या माणसाला एल ओढूनताणून घालावी लागते. आणि गणपतीच्या आधीचा महिना जाऊच नका, काका खरंच भेटत नाहीत.

कॅप्टनची पट्टी पण ठेवतात ८० रुपयांना, पिवळी-लाल, तीच ती पुयोलवाली. दिसायला भारी, पण इलॅस्टिक सैल आहे, एकदा स्प्रिंट मारली की मनगटावर येते. काकांना सांगितलं तर म्हणाले वेलक्रोवाली मागवलीय. पाचपैकी चार स्टार देतोय, वेलक्रो आली की बघू.