बेथला आधी कुठे भेटावं?

'ऑर्फन ब्लॅक' या कॅनडातल्या मालिकेतली डिटेक्टिव्ह बेथ चाइल्ड्स दोन ठिकाणी भेटते. 2013 च्या पहिल्याच भागात ती फलाटावर पर्स ठेवते, बूट काढते आणि गाडीपुढे जाते. हे बघणारी सारा, म्हणजे मालिकेची नायिका, अगदी तिच्याच चेहऱ्याची. बस, एवढंच, पण ते काढून ठेवलेले बूट डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

2016 मधल्या चौथ्या सीझनचा पहिला भाग मागे जातो: गोळ्यांची नशा, सहकारी आर्टची काळजी, क्लोनिंगच्या कटाचा माग, मेंढीचा मुखवटा घातलेली एमके नावाची आणखी एक क्लोन (क्लोन केलेली मेंढी डॉली आठवतेच!). तातियाना मास्लानीने बेथचं खचणं इथे इतकं खरं केलंय की पोटात कालवतं. मला हाच भाग जास्त आवडतो. तरी सुरुवात फलाटापासूनच करा.