एसओएम की ओएमए? परदेशी ऑफिसला अर्ज करण्याआधी

आर्किटेक्चरच्या मुलांचं ट्रेनिंगचं सेमिस्टर जवळ आलं की लॅपटॉप काखेत मारून कुणीतरी येतंच. “मॅडम, परदेशात अर्ज करायचाय. एसओएम की ओएमए?” या दोन आर्किटेक्चर ऑफिसांची नावं इतकी जवळजवळची की घरच्यांना ती एकाच कंपनीची वाटतात. प्रत्यक्षात स्वभावाने इतकी लांबलांबची दोन ऑफिसं क्वचितच सापडतील. इमारती दोघंही करतात, शहरांचे आराखडेही दोघं करतात. तिथून तुम्ही काय शिकून बाहेर पडाल, फरक तिथे आहे. माझं मत आधीच सांगून टाकते: इमारत उभी कशी राहते हे ज्याला अजून नीट उमगलेलं नाही, त्याने आधी एसओएम धरावं.

एसओएम म्हणजे स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल. लुई स्किडमोर आणि नॅथॅनिएल ओविंग्ज यांनी १९३६ साली शिकागोत ते सुरू केलं. इंजिनिअरिंगची बाजू सांभाळणारे जॉन मेरिल १९३९ मध्ये भागीदार झाले आणि ऑफिसची घडणच त्यामुळे बदलली. आपल्याकडे काय होतं? आर्किटेक्ट प्लॅन काढतो, प्लॅन आरसीसी कन्सल्टंटकडे, म्हणजे काँक्रीटच्या सांगाड्याचा हिशेब करणाऱ्या इंजिनिअरकडे जातो आणि परत येतो तेव्हा हॉलच्या ऐन मधोमध एक कॉलम उभा असतो. मग दोन आठवडे फोनाफोनी. एसओएममध्ये ही दोन्ही माणसं पहिल्या रेघेपासून एकाच छपराखाली बसतात.

याचं सगळ्यात मोठं फळ म्हणजे फझलुर रहमान खान. जन्म ढाक्याचा, १९२९चा. अमेरिकेत शिकायला गेलेले हे इंजिनिअर १९५५ साली एसओएममध्ये आले आणि ब्रूस ग्रॅहम या आर्किटेक्टबरोबर त्यांची जोडी जमली. या दोघांचा शिकागोतला सिअर्स टॉवर (आता विलिस टॉवर) मी वर्गात लाकडाच्या मोळीवरून शिकवते. एकटी काटकी वाऱ्याने वाकते. नऊ काटक्या आवळून बांधल्या की ती मोळी जागची हलत नाही. सिअर्स म्हणजे नऊ चौकोनी नळ्यांची अशीच मोळी. मात्र सगळ्या नळ्या वरपर्यंत जात नाहीत: ५० व्या मजल्यावर दोन थांबतात, ६६ व्यावर आणखी दोन, ९० व्यावर तीन, आणि अगदी वरपर्यंत पोचतात फक्त दोन. ४४२ मीटरच्या त्या टॉवरला पायऱ्यापायऱ्यांचा आकार आलाय तो यामुळे. एलिव्हेशन, म्हणजे बाहेरून दिसणारं रूप, वरून चिकटवलेलं नाही, ते आतल्या हाडांतून आलंय. पुढे २०१० साली ८२८ मीटरचा बुर्ज खलिफा उभा राहिला. त्याचे तीन पंख मधल्या कोअरला, म्हणजे गाभ्याला, तीन बाजूंनी टेकू देतात. वेगळी युक्ती, पण घराणं तेच.

आणि यासाठी शिकागोला जायची गरज नाही. मुंबईचं टर्मिनल दोन, २०१४ साली सुरू झालेलं, एसओएमचंच. मुलांना मी सांगते, डिपार्चरच्या हॉलमध्ये बॅग खाली ठेवा आणि वर बघा. कॉलम जमिनीतून सरळ निघतो, वर जाताना उमलतो आणि कधी छत झाला ते कळत नाही. एवढ्या मोठ्या छताला असे फक्त ३० कॉलम. छताच्या खोलगट खणांमध्ये रंगीत काचेच्या छोट्या चकत्या बसवल्यात, त्यांतून उजेड खाली झिरपतो. मोराच्या पिसाचा संदर्भ आहे तो. पण मला त्याहून जास्त भावतं ते हे: जुनं टर्मिनल चालू ठेवून त्याच्याभोवती नवं टप्प्याटप्प्याने बांधता यावं म्हणून प्लॅन एक्सच्या आकाराचा केला. आणि एका माणसाला सोडायला आपल्याकडे सात माणसं येतात, आजी डोळे पुसते, कुणीतरी डबा विसरलेला असतो, हे ध्यानात घेऊन निरोपासाठी जागा ठेवली. अमेरिकेतल्या ऑफिसने आपलं हे वागणं प्लॅनमध्ये मांडलं, याचं मला खरंच कौतुक आहे.

एसओएमची उणी बाजूही ऐका. तिथे ऑफिसचं नाव मोठं, माणसाचं लहान. न्यूयॉर्कच्या लीव्हर हाऊस या इमारतीचं (१९५२) श्रेय तिथल्या गॉर्डन बनशाफ्ट यांना लगेच मिळालं, त्याच कामात मोठा वाटा असलेल्या नताली द ब्लुआ यांना फार उशिरा. तुम्ही वर्षभर एका टॉवरच्या टॉयलेट कोअरची ड्रॉइंग करत बसाल आणि ते कुणाला सांगताही येणार नाही, असं होऊ शकतं. मी त्यालाही शिक्षणच म्हणेन, पण मनाची तयारी हवी.

आता ओएमए. ऑफिस फॉर मेट्रोपॉलिटन आर्किटेक्चर, १९७५, सुरुवात लंडनमध्ये, आता मुख्य ठिकाण रॉटरडॅम. संस्थापक रेम कोल्हास आधी पत्रकार होते, पटकथाही लिहीत. सोबतच्या संस्थापकांत एलिया झेंगेलिस, आणि मादेलॉन व्हरिसेंडॉर्प व झोई झेंगेलिस या दोघी चित्रकार. म्हणजे मुळातच हे ऑफिस इमारतीच्या आधी गोष्ट रचणारं. तिथे ‘कशी बांधायची’च्या आधी ‘ही मुळात कशासाठी’ हा प्रश्न येतो.

सिएटलच्या सार्वजनिक ग्रंथालयाचा (२००४) सेक्शन, म्हणजे उभा छेद, आमच्या स्टुडिओच्या सॉफ्टबोर्डवर कायम लावलेला असतो. साध्या ग्रंथालयात पुस्तकं वाढली की एखादा विषय मजला ओलांडून दुसरीकडे जातो आणि वाचकाची फरफट होते. ओएमएने पुस्तकांसाठी चार मजल्यांचा एक सलग उतार केला. शून्यापासून नऊशे नव्याण्णवपर्यंतचे वर्गांक ओळीने, मध्ये कुठे तुटत नाहीत, जमिनीवरच्या पट्ट्यांवर आकडे. तो उतार चालत खाली या. बाकी इमारतीत वाट सापडत नाही, अशी तक्रार वाचकांनी केली, आणि मला ती रास्त वाटते. पण एका ग्रंथपालाची अडचण घेऊन तिच्यातून अख्खी इमारत काढणं हे मी दुसरीकडे फारसं पाहिलेलं नाही.

मात्र बीजिंगच्या सीसीटीव्ही या चिनी सरकारी टीव्हीच्या मुख्यालयाचा तो वाकडा फास हवेत उभा करायला ओएमएला अरुप या बाहेरच्या इंजिनिअरिंग कंपनीची साथ लागली. हे कमीपणाचं नाही. पण शिकणाऱ्याच्या दृष्टीने फरक पडतो: एसओएममध्ये इंजिनिअर शेजारच्या टेबलावर असतो, ओएमएमध्ये दुसऱ्या कंपनीत. ओएमएमध्ये तुमचे हात मॉडेलात जास्त असतील, निळा फोम कापण्यात आणि स्पर्धांच्या पॅनेलमध्ये. स्पर्धा हरल्या तरी त्या गाजतात. पॅरिसच्या पार्क द ला व्हिलेतची स्पर्धा ते हरले आणि ती ड्रॉइंग अजून कॉलेजांत शिकवली जातात. पण न बांधलेलं काम साइट शिकवत नाही.

शहरांच्या आराखड्यात दोघांचीही खोल कामं आहेत. दुसऱ्या महायुद्धात अणुबॉम्बच्या गुप्त प्रकल्पासाठी टेनेसीत ओक रिज हे गाव एसओएमने नियोजलं आणि १९४५ पर्यंत त्याची वस्ती ७५ हजारांवर गेली. तिथे काळ्या कामगारांना वेगळ्या, हलक्या लाकडी खोपट्यांत ठेवलं गेलं, हेही विद्यार्थ्याला माहीत हवं. आराखडा कोणासाठी, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला नाही. ओएमएचं शहराचं काम फ्रान्समधल्या लिल शहराच्या युरालिल या भागात दिसतं: वेगवान रेल्वे लिलवरून जाणार म्हटल्यावर कोल्हास यांनी स्टेशनालाच शहराचा गाभा केलं. घराशेजारून मेट्रो जाताना पाहणाऱ्या पुण्याच्या मुलांनी हे काम जरूर अभ्यासावं.

ओएमएतून बाहेर पडलेल्यांनी स्वतःची ऑफिसं काढली, ही त्याची मोठी ताकद. डेन्मार्कचे आर्किटेक्ट ब्यार्के इंगल्स तिथलेच. आर्किटेक्ट झाहा हदीदही सुरुवातीला तिथेच होत्या, आणि नवी मुंबईच्या विमानतळाचं डिझाइन त्यांच्याच नावाच्या ऑफिसचं. ज्याला पुढे स्वतःचं ऑफिस, शिकवणं किंवा लेखन करायचंय आणि स्ट्रक्चरची भीती उरलेली नाही, त्याला मी ओएमएच सांगते.

पोर्टफोलिओ मात्र एकच करून दोघांना पाठवू नका. एसओएमसाठी एक तरी वॉल सेक्शन (भिंतीचा उभा छेद) असा ठेवा की त्यात स्लॅब, बीम, काच आणि पाणी कुठून जातं ते सगळं कळेल, आणि जिथे आरसीसीवाल्याशी भांडून काही बदललं असेल ते आधीचं-नंतरचं दाखवा. ओएमएसाठी रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवर केलेली चकचकीत चित्रं, कमी करा. हाताने केलेल्या चार-पाच मॉडेलचे फोटो क्रमाने लावा, फसलेल्यांसकट, आणि प्रत्येकाखाली एका ओळीत लिहा की ते का टाकून दिलं.