भाचीला गोळी कशाची ते सांगितलं: एआरटी केंद्रातल्या समुपदेशनाचा अनुभव

पाचातले चार तारे. एआरटी केंद्र म्हणजे एचआयव्हीवरच्या गोळ्या मिळतात ते. सेवा सरकारी, पैसा लागत नाही. केंद्र कुठलं ते भाचीसाठी मुद्दाम लिहीत नाही.

आम्ही बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातले. बहीण गेल्यापासून भाची माझ्याकडं, वय अकरा. 'रक्त वाढायची गोळी' म्हणून आजवर निभावलं. औंदा तिनं डबीवरचं नाव वहीत उतरवून विचारलं, "मामा, रक्ताची गोळी रात्री नऊलाच का?" मी म्हशीला पाणी दाखवायला उठलो.

कौन्सिलर मॅडमना म्हटलं, मोठी झाल्यावर सांगू की. त्या म्हणाल्या, सहा ते बारा वर्षांत पोराला झेपेल तसं सांगावं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2011 मध्येच सांगितलंय. उशीर केला की पोरं गोळ्या टाकून देतात, नाहीतर दुसऱ्याच्या तोंडून ऐकतात.

तीन खेपा झाल्या. पहिलीत नुसती माझीच तालीम. दर वाक्यात 'वाईट रोग' यायचं, त्या दर वेळी थांबवायच्या. दुसऱ्या खेपेला भाचीपुढं कागद ठेवून भाताचं शेत काढलं, कडेला रान, रानात गवे. गोळी म्हणजे कुंपण. गवे रानातनं जात नाहीत, पण कुंपण रोज लावलं तर शेतात शिरत नाहीत. आमच्याकडं गव्यांनी भात तुडवलेलं तिनं बघितलंय, लगेच कळलं.

नाव तिसऱ्या खेपेला, आणि ते मीच घ्यायचं असं ठरलेलं. एचआयव्ही म्हटलं. ती म्हणाली, "आईला पण हेच?" हो म्हटलं. "मग तिनं कुंपण का नाही लावलं?" मॅडम गप्प बसल्या, उत्तर माझं होतं. "उशिरा कळलं गं."

एक तारा कापला तो अर्ध्या पार्टिशनसाठी. आतलं बोलणं बाकड्यावर ऐकू येतं, वर नाव मोठ्यानं पुकारतात. गोपनीयता राखावी असा 2017 चा कायदा आहे की! माहितीपत्रकही फक्त कन्नडमध्ये. भाचीनंच मला वाचून दाखवलं. मॅडम मात्र मराठी-कन्नड मिसळून झकास बोलतात. कुणाला जाणं जमत नसेल तर 1097 या एचआयव्हीच्या हेल्पलाइनवर फोन करा, फुकट आहे.

परवा व्हायरल लोडसाठी, म्हणजे रक्तात विषाणू किती ते बघायला, रक्त दिलं. भाचीनं लॅबवाल्याला विचारलं, "गवे किती निघाले ते कधी कळणार?" तो माझ्याकडं बघत बसला.