मासा ठणठणीत, सल्ला कच्चा

क्रॉफर्ड मार्केटजवळच्या एका दुकानातून घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी डॉमिनो डॅमसेल हा समुद्री मासा आणला. दीड इंचाचा, काळाकुळकुळीत; कपाळावर एक आणि दोन्ही कुशींवर एकेक पांढरा ठिपका. दुकानदार म्हणाला, "एकदम गरीब मासा आहे, साहेब."

पॅकिंगला पैकीच्या पैकी. दुहेरी पिशवी, ऑक्सिजन, वरून वर्तमानपत्र. डोंबिवलीपर्यंत लोकलमधून येऊनही मासा टवटवीत.

पण गरीब कसला! तिसऱ्या आठवड्यात त्याने डावीकडच्या खडकाखालची कपार सातबाऱ्यावर चढवली. आधीपासूनच्या दोन क्लाउनफिशना हीटरमागे कोंडलं. काच पुसायला हात घातला की थेट अंगठ्यावर येतो. लागत नाही काही, पण दचकून दोनदा माझ्या हातातला स्पंज सुटला. बायकोने त्याचं नाव सेक्रेटरी ठेवलंय. (आमच्या सोसायटीतल्यांनी गैरसमज करून घेऊ नये.)

हा मासा १४ सेंटीमीटरपर्यंत वाढतो. वयाबरोबर ठिपके पुसट होतात, दादागिरी वाढते. माझी टाकी तीन फुटी आहे हे ऐकूनही दुकानदाराने यातलं अवाक्षर काढलं नाही. परत न्यायचं म्हटलं तर, "विकलेला मासा घेत नाही."

शेवटी त्यालाच प्लास्टिकच्या चाळणीत घालून चार दिवस टाकीत तरंगत ठेवला आणि खडकांची मांडणी बदलली. सोडल्यावर स्वारी जरा बावचळली. तेवढ्यात क्लाउनफिशनी उजवा कोपरा पकडला. आता निम्मी शांतता आहे.

टाकीसाठी मीठ घ्यायला पुन्हा जाईन, सल्ला घ्यायला नाही. तीन तारे, त्यातले दोन पॅकिंग करणाऱ्या पोराचे.